उभ्याला न वाढणाऱ्या अक्का

अक्का उभ्या माणसाला भाकरी देत नसत. समोरचा कितीही घाईत असो, कितीही मोठा असो, त्या भाकरीचा हात मागे घेत आणि म्हणत, "बसा की वो आधी." बसला तर जेवण, नाहीतर नाही. आमच्यातल्या काही जणी त्यांना मागून 'बसाक्का' म्हणत. अक्कांना ते माहीत होतं. "म्हणा की," त्या म्हणाल्या, "बसल्याबगर तुमालाबी मिळत न्हाय."

सोलापुरातल्या मोठ्या सरकारी दवाखान्याच्या मागच्या फाटकासमोर एक जुनी धर्मशाळा आहे. तिच्या व्हरांड्यात आमचं केंद्र चालतं. लोक त्याला भाकरी बँक म्हणतात. आसपासच्या घरांतून रोज दोन-दोन भाकऱ्या जास्तीच्या थापल्या जातात, सकाळी दहाच्या सुमारास आम्ही त्या गोळा करून आणतो, आमटी किंवा पिठलं केंद्रातच करतो आणि साडेअकराला पंगत बसते. पंगत पेशंटची नव्हे, पेशंटबरोबर आलेल्यांची. पेशंटला आत जेवण मिळतं. बरोबरच्याचं कोण बघणार? करमाळ्याकडून, अक्कलकोटकडून, जेऊरहून माणसं येतात. दोन दिवसांचे कपडे पिशवीत असतात आणि मुक्काम पंधरा दिवसांचा होतो.

मी शाळेचे गणवेश शिवते. सहा मशिनी आहेत, सात बायका कामाला आहेत. मार्च ते जुलै मान वर करायला फुरसत नसते, ऑगस्टपासून हात रिकामे. सासूबाई दवाखान्यात होत्या तेव्हा ह्याच व्हरांड्यात मी चार-पाचदा जेवले होते. त्याची फेड वगैरे काही माझ्या मनात नव्हतं. वेळ होता, काम दिसत होतं, म्हणून मंगळवारी आणि शनिवारी जायला लागले.

पहिल्याच मंगळवारी एक माणूस धावत आला. एक्स-रेला नंबर लागलाय, पटकन दोन भाकऱ्या द्या, म्हणाला. मी दिल्या. अक्कांनी त्या त्याच्या हातातून परत घेतल्या. अक्षरशः काढून घेतल्या. "बस बाळा." तो बसला. पिठलं-भाकरी खाऊन, पाणी पिऊन गेला. फार तर सहा मिनिटं लागली असतील. मग अक्का माझ्याकडे वळल्या. "टेलरबाई, माप उभ्याचं घेतेत. जेवण बसल्याला वाढतेत. उभ्याला देतेत ती भीक असती."

त्या दिवसापासून त्यांच्या तोंडी माझं नाव टेलरबाई.

अक्का पूर्व भागातल्या विणकर घरातल्या. घरी तेलुगू. मराठी आमच्यासाठी आणि थोडी उर्दू रिक्षावाल्यांसाठी. सत्तरीच्या पुढच्या, अंगानं किरकोळ. चाळीस वर्षं विड्या वळलेल्या, त्यामुळे बोटं चपटी आणि भयंकर चलाख. आलेल्या भाकऱ्या त्या बोटांनी चाचपून वेगळ्या करत. मऊ ती दात नसलेल्यांना, जाड ती तरण्यांना. एकदा एक भाकरी उचलून म्हणाल्या, "ही भांडून केल्याली हाय." मी म्हटलं, कशावरून? "कडंला थापलीच न्हाय बगा. मदीच सगळा राग काढलाय."

एका नगरसेवकानं वाढदिवसाला केळ्यांच्या पेट्या आणि फोटोग्राफर घेऊन यायचं ठरवलं. केंद्र सांभाळणारे आमचे सर, निवृत्त मुख्याध्यापक, सकाळपासून व्हरांडा झाडून घेत होते. साहेब आले, केळं हातात घेऊन पंगतीसमोर वाकले, फोटोग्राफरनं कॅमेरा लावला. अक्का मध्ये आल्या. "साहेब, बसा की."

"नको आजी, मी वाटायला आलोय."

"वाटणारंबी बसूनच जातेत हितं. बसा."

सगळी पंगत बघत होती. साहेब बसले. पिठलं, दोन भाकऱ्या खाल्ल्या, आणि खरं सांगायचं तर तिसरी त्यांनी मागून घेतली, वर मिरचीही मागितली. चौकातल्या फलकावर मात्र तो फोटो आला नाही. सर आठवडाभर अक्कांशी बोलले नाहीत. अक्कांच्या ते ध्यानातही आलं नाही.

माझं आणि त्यांचं भांडण टोकनांवरून झालं. रोज किती माणसं येणार याचा पत्ता नसायचा, कधी भाकऱ्या उरायच्या, कधी कमी पडायच्या. मी उरलेल्या मोठ्या बटणांवर पक्क्या शाईनं नंबर टाकले आणि आल्याबरोबर एकेक बटण द्यायचं ठरवलं. अक्का म्हणाल्या, "आत खाटंवर नंबर, बाटलीवर नंबर, कागुदावर नंबर. हितं तरी नको की वो." मी म्हटलं, शिस्त नको का? पुढच्या खेपेला माझं चौदा नंबरचं बटण एका म्हाताऱ्याच्या सदऱ्यावर शिवलेलं दिसलं. त्याचं बटण तुटलं होतं. शिवलं कोणी हे विचारायची गरज नव्हती. टाका बरा होता, एवढं मी कबूल केलं.

नाव, गाव, जात त्या विचारत नसत. पुढ्यात पान ठेवताना एकच प्रश्न असे, "आत कोण हाय?" कोणी म्हणे मालक, कोणी लेक, कोणी सासू. तेवढ्यावर त्या पुढचं ठरवत. आत तान्हं असलेल्या आईला भात कुस्करून, वर दोन चमचे तूप. ऑपरेशनवाल्याच्या माणसाला एक भाकरी जास्त, कारण त्याला आता रात्रभर जागायचं असतं. कोणाचं कोण आत आहे हे त्यांना पाठ असे. पन्नास माणसांचं पाठ. मी वहीत लिहून ठेवलं तरी विसरत असे.

एका बाईला मी म्हटलं, "काळजी करू नका, बरं होईल पोरगं." त्याच दुपारी ते गेलं. ती बाई व्हरांड्यासमोरून गेली तेव्हा मी पातेल्यामागे वाकून बसले. अक्का नंतर म्हणाल्या, "बरं व्हईल म्हणायचं न्हाय. ते आपल्या हातात न्हाय. वाढायचं. वाढणं हातात हाय." पुन्हा मी कोणाला तसं म्हटलं नाही.

त्यांचे मालक ह्याच दवाखान्यात वारले होते. टॉवेलच्या कारखान्यात मागावर होते. अठरा दिवस आत होते आणि अठरा दिवस अक्का बाहेर फाटकाशी. कोणीतरी स्कूटरवरून येऊन फाटकाशी उभ्या असलेल्यांच्या हातात जेवणाच्या पुड्या कोंबून जात असे. "पुडी घितली की मान खाली जायची," एवढंच त्या म्हणाल्या होत्या, तेही एकदाच. मालक गेल्यावर वर्षाच्या आत त्या आमच्या केंद्रात आल्या.

आजार कळायला आम्हाला वेळ लागला. एका शनिवारी त्यांनी एकाच माणसाला एकाच पंगतीत तीनदा विचारलं, "आत कोण हाय?" तो बिचारा तिन्ही वेळा "बहीण" म्हणाला. मग आमटीत मीठ दोनदा पडायला लागलं. मग एका मंगळवारी आठच्या आधीच येऊन बंद दारासमोर भाकऱ्यांची वाट बघत बसल्या. मुलगा भिवंडीला मागावर, तो फोनवर म्हणाला, वय झालंय. डॉक्टरांकडे नेलं तेव्हा विसरण्याचा आजार निघाला. गोळ्या लिहून दिल्या. बरं होणार नाही, सांभाळा, म्हणाले.

विसरणं आम्ही सांभाळलं असतं. अडचण वेगळीच निघाली. अक्का एकट्या राहत. शेजारची नरसम्मा त्यांना दोन वेळा ताट देत असे. एक दिवस नरसम्माच केंद्रात आली, वैतागलेली. "काय वो, म्हातारी खाईनाच की. दिल्यालं सगळं कागदात बांधून ठेवतीया. वाटपाचं हाय म्हणती." तेव्हा लक्षात आलं, गेले कित्येक दिवस अक्का सकाळी पिशवीतून जे आणत होत्या ते त्यांचं स्वतःचं जेवण होतं. आम्ही ते पंगतीत वाढून मोकळे झालो होतो.

माप घेणाऱ्या बाईला हे आधी दिसायला हवं होतं. त्यांचं पोलकं खांद्यावरून घसरत होतं. मी मापाची टेप लावली तर छातीत तीन इंच कमी भरलं. ते पोलकं मी आत घेऊन दिलं. दीड महिन्यात पुन्हा आत घ्यावं लागलं.

आम्ही काय नाही केलं? समोर बसून सांगितलं. रागावले. सरांनी हात जोडले. अक्का हसायच्या. "पंगत होऊ द्या की, मग खाते." पंगत झाली की म्हणायच्या, "खाल्लं की मगाशी." घास हातात दिला तर तो पुन्हा टोपलीत. रोज पन्नास-साठ माणसं जेवतात असा व्हरांडा, आणि त्यात एका बाईच्या पोटात घास जात नाही.

मग मला उपाय सुचला. मला उपाय सुचतातच, तो माझा स्वभाव आहे. वाढणारी बाई म्हणून अक्का खात नाहीत ना? मग त्यांना वाढणारी ठेवायचंच नाही. एका मंगळवारी त्यांच्या हातातली टोपली मी काढून घेतली, हाताला धरून पंगतीत बसवलं, पुढ्यात पान ठेवलं आणि त्यांच्याच सुरात विचारलं, "आत कोण आहे?"

अक्कांनी माझ्याकडे बघितलं. ओळखीचं बघणं नव्हतं ते. मग हलकेच म्हणाल्या, "मालक."

आणि जेवायला लागल्या. दोन भाकऱ्या, पिठलं, वर भात. सर दारात उभे राहून बघत होते. मी त्यांना भुवयांनी खुणावलं, झालं की नाही काम?

काम झालंच. रोज त्या पंगतीत बसायला लागल्या. केंद्रातल्या बाकीच्यांना आणि नरसम्मालाही मी शिकवलं. संध्याकाळी उंबऱ्यात बसवायचं, पान ठेवायचं, तेवढं विचारायचं आणि वाढायचं. महिन्याभरात पोलकं एक इंच सैल करावं लागलं. पण जेवून झालं की अक्का उठत, पदर सारखा करत आणि फाटकाकडे निघत. "भेटायची येळ झाली असंल." रखवालदार ओळखीचा होता, तो त्यांना समजावून परत पाठवायचा. मग त्या पायरीवर बसत. येणाऱ्या-जाणाऱ्या नर्सला विचारत, "कसं हाय आज?" चारला कोणीतरी त्यांना घरी सोडायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

एक दिवस सरांनी मला बाजूला घेतलं. "बाई, आपण हे काय करतोय? हिचा नवरा जाऊन बारा वर्षं झाली. आपण तिला रोज उचलून त्या अठरा दिवसांत नेऊन बसवतोय."

"मग उपाशी मारू का?"

"तसं नाही म्हणत मी."

"मग कसं म्हणता? सांगा, तसं करते."

सर चष्मा पुसत राहिले. पंगतीची वेळ झाली होती. मी भाकऱ्यांची टोपली उचलली. त्या दिवशी पान अक्कांच्या पुढ्यात ठेवलं आणि तो प्रश्न न विचारता पुढे गेले. परत आले तेव्हा अक्का भाकरी कागदात बांधत होत्या. मी तिथेच बसले आणि विचारलं.

फेब्रुवारीत मुलगा न्यायला आला. चांगला मुलगा आहे. रजा टाकून आला होता. अक्का निघायला तयार होईनात. दाराची चौकट धरून बसल्या. "माणूस आत टाकून कुटं येऊ मी?" मुलगा आधी समजावत होता, मग त्याच्याच डोळ्यांत पाणी आलं. गाडीची वेळ होत होती. मी म्हटलं, "अक्का, मालकांना मुंबईकडच्या मोठ्या दवाखान्यात हलवलंय. तिकडंच चाललाय तुम्ही."

"आदी सांगायचं की वो, टेलरबाई!" चौकट सुटली. चार महिन्यांनी त्यांच्या तोंडून माझं नाव ऐकलं ते असं. पिशवी उचलून त्या मुलाच्या पुढे चालत रिक्षात जाऊन बसल्या. मी नीट निरोपही घेतला नाही. सुनेला काय सांगायचं ते एका कागदावर लिहून मुलाच्या हातात दिलं. बसवायचं, पान ठेवायचं, विचारायचं, वाढायचं.

सून पद्मा सोलापूरचीच, समजूतदार. आठवड्यातून एकदा व्हिडिओ कॉल लावायची. खोली एकच, दोन लहान मुलं, बाहेर मागांची धडधड. अक्का भिंतीला टेकून जेवताना दिसायच्या. मी दिसले तर नमस्कार करायच्या, अनोळखी बाईला करतात तसा. पण खात होत्या.

मे महिन्याच्या शेवटी पद्माचा फोन आला. आवाज गेलेला. "काकू, दिवसभर एकच विचारतात, डिस्चार्ज कधी. पोरांना विचारतात, दूधवाल्याला विचारतात. हे कामावरून आले की डॉक्टर काय म्हणाले म्हणून ह्यांचा हात धरतात. रडतात. मी काय सांगू?"

माझ्या टेबलावर खाकी कापडाचे वीस थर पसरलेले होते, फोन खांद्यात दाबलेला होता, कात्री चालू होती. मी म्हटलं, "सांगून टाक ना, झाला डिस्चार्ज. बरे झाले म्हणावं. सुटेल बिचारी."

पद्मानं सांगितलं. अक्का हसल्या. कित्येक महिन्यांनी हसल्या, म्हणाली. लुगड्याची घडी घातली, पिशवी भरली, मुलांच्या हातावर साखर ठेवली. संध्याकाळी पद्मानं बसवून पान ठेवलं तर पान बाजूला सारलं. "नको आता. घरी जाऊन जेवू."

पद्मानं हे फोनवर सांगितलं तेव्हा मी कात्री खाली ठेवली. हे वाक्य मी त्या व्हरांड्यात शेकडो वेळा ऐकलं आहे. डिस्चार्ज मिळालेली माणसं साडेअकराला निरोप घ्यायला येतात. पिशवी हातात, तोंडावर पंधरा दिवसांत न दिसलेला रंग. जेवून जा म्हटलं तर एकजण बसत नाही. नको ताई, आता घरी जाऊनच जेवू. करमाळ्याला पोचायला संध्याकाळ होणार असली तरी बसत नाही. हे माझ्याइतकं कोणाला माहीत होतं? आणि मीच ते सांगून बसले.

पद्मानं मग सगळं केलं. चूक झाली, ते अजून आत आहेत, असं सांगितलं. "खोटं बोलू नको, कागद मिळालाय," अक्का म्हणाल्या. कमरेच्या पिशवीत त्यांनी कुठलंसं लाइटचं बिल घडी करून ठेवलं होतं. मुलानं रिक्षात बसवून गल्लीला फेरी मारली आणि आलं बघ घर म्हणून परत दारात उतरवलं. अक्कांनी दार बघितलं. "हे आपलं न्हाय." दोनदा सलाईन लावून आणली. पिशवी मांडीवर घेऊन त्या दाराशी बसून राहायच्या.

मी गेले नाही. जून होता. तीन शाळांचे गणवेश अडकले होते, दारात पालक उभे होते, दोन मशिनी बंद पडल्या होत्या. पुढच्या आठवड्यात जाते, असं पद्माला दोनदा म्हटलं. गेले असते तर अक्कांनी खाल्लं असतं, असं मला वाटत नाही. पण गेले नाही, हे खरं आहे.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात त्या गेल्या. या आजारात शेवटी शेवटी खाणं सुटतंच, असं तिथल्या डॉक्टरांनी पद्माला सांगितलं. ते बरोबर असेल. मला त्यांच्याशी वाद घालायचा नाही. मी अक्कांवर तीन उपाय केले आणि तिन्ही लागू पडले, एवढं मला माहीत आहे.

"तुमचं काही चुकलं नाही, काकू," पद्मा फोनवर म्हणाली. मी म्हटलं, "तू आधी मुलांना जेवायला घाल." दुसरं काय म्हणणार होते?

केंद्र चालू आहे. मी मंगळवारी आणि शनिवारी जाते. एक सवय नवी लागली आहे, तिला सर हसतात. डिस्चार्जवाले निरोपाला आले की मी त्यांची पिशवी धरते. दोन घास खा आणि मग जा, म्हणते. कधी रागावते, कधी वाट अडवते. ते हसतात, माझ्या पाया पडतात, घरी जाऊन जेवतो म्हणतात. बाहेर रिक्षा थांबलेली असते.